गेटपासून पोर्चपर्यंत गट्टू (पेवर ब्लॉक) बसवायचे आहेत, ठेकेदाराकडून फसवणूक कशी टाळावी? (नागपूर)

प्राजक्ता बेसा | १७ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बेसा-घोगली रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. गेटपासून पोर्चपर्यंत १२ बाय ३० ची जागा, म्हणजे ३६० चौरस फूट. गेल्या एप्रिलमध्ये भर दुपारी दोघं जण मोटरसायकलवर आले. मागच्या गल्लीत काम चालू आहे, गट्टू उरलेत, गाडीभाडं वाचतं म्हणून ७५ रुपये फुटानं करून देतो, पण आजच सांगा, उद्या गाडी वापस जाते, असं म्हणाले. २७ हजारांचं काम. त्यातले २० हजार त्यांनी 'माल टाकायला' म्हणून रोख घेतले. दीड दिवसात काम उरकलं, दिसायलाही छान दिसत होतं, म्हणून उरलेले सातही देऊन टाकले.

जुलैत गाडीच्या चाकांच्या दोन्ही पट्ट्या खचल्या. पोर्चच्या पायरीपाशी पाणी साचायला लागलं. सासरे काठी घेऊन चालतात. ऑगस्टमध्ये वर आलेल्या गट्टूत काठी अडकून ते पडले आणि मनगट मोडलं. त्या दोघांचा फोन तेव्हापासून बंद आहे. मागच्या गल्लीत चौकशी केली तर तिथे कोणाकडेच काम चालू नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी स्वतः स्क्रूड्रायव्हरनं एक गट्टू उचकटून पाहिला. खाली बोटभर चुरी (दगडाचा भुगा) आणि चुरीखाली थेट काळी माती, ओलसर, बोटाला चिकटणारी. तिच्यात हरळीची मुळं होती तशीच. गवतसुद्धा काढलं नव्हतं.

आता सगळं उखडून पुन्हा करायचं आहे, पावसाळ्याच्या आत. ज्यांनी असं काम करून घेतलं आहे किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा. काय विचारायचं, काय मोजायचं, पैसे कधी द्यायचे?

---

निवृत्त ओव्हरसिअर | १७ फेब्रुवारी, रात्री ११.३२

सासऱ्यांची तब्येत आता कशी आहे? वाचून फार वाईट वाटलं.

तुम्ही गट्टू उचकटून पाहिलात हे उत्तम केलंत. या कामातली चोरी वरून कधीच दिसत नाही, ती नेहमी खालच्या थरात असते. आपल्या भागातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच मातीच्या. तिच्यावर थेट काहीही बसवलं, कितीही भारी बसवलं, तरी एका पावसाळ्यात वरखाली होणारच. म्हणून पहिला प्रश्न गट्टूच्या रंगाचा किंवा डिझाइनचा नको. 'किती खोदणार आणि कशानं भरणार' हे विचारा. जो हे टाळून थेट फुटाचा भाव सांगतो, त्याच्याशी पुढे बोलू नका.

चारचाकीसाठी मी असं करून घेईन: काळी माती निदान सव्वा फूट काढायची. माती त्याहून खोल असली तरी एवढा बदल घरगुती गाडीला पुरतो. मग मुरूम, एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा. त्यावर चार इंच गिट्टी आणि चुरीचा थर, तोही दाबून. मग रेती, फक्त एक ते दीड इंच. इथे पुष्कळ जण फसतात. उंची कमी पडली की मिस्त्री रेती वाढवून लेव्हल साधतो, काम सोपं जातं, पण तीन-चार इंच रेतीवर बसवलेला गट्टू चाकाखाली हलतोच. उंची गिट्टीतच साधली पाहिजे.

गट्टूची जाडी: भारतीय मानक आयएस १५६५८ प्रमाणे हलक्या वाहनांसाठी ६० मिलीमीटर आणि एम-३५ ग्रेड (ग्रेड म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी). ५० मिलीमीटरचा एम-३० हा पायी चालण्याच्या जागेसाठी आहे. घरी पाण्याचा टँकर आत येत असेल तर ८० मिलीमीटर घ्या. दोन इंचाच्या आसपास भरला तर तो ५० चा, ६० चा जवळजवळ २ इंच ३ सूत भरतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तुमचा मोजून बघा.

कडेला काँक्रीटची पट्टी किंवा कर्ब हवाच. ती नसेल तर कडेचे गट्टू बाहेर सरकतात आणि मग सगळी वीण सैल होते. आणि उतार गेटकडे, दर १० फुटांना दोन ते अडीच इंच. लेव्हल पाइप लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा, नजरेनं नको.

---

वऱ्हाडी गडी | १८ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

ताई, वाचून लय वाईट वाटलं. माह्या मामाचं बी असंच झालं होतं.

आपल्या इकडं मोठी चोरी ब्रासात होते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे सगळ्यायले ठाऊक राह्यते, पण ट्रॉली मोजते कोण? ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद असन तर माल २० इंच उंच भरला पाहिजे, तवा एक ब्रास होते. १५ इंचच असन तर पाऊणच ब्रास झाला, अन् पैसे पूर्ण ब्रासचे. मंधात ढीग करून आणते, कोपरे रिकामे ठेवते. फावड्यानं सपाट करायले लावा, मग टेप टाका. ड्रायव्हर घाई करन, करू द्या. मोजल्याबिगर ट्रॉली पलटी करू द्याचीच नाही.

तुमच्या ३६० फुटाले एक फूट मुरूम म्हटलं तर दाबल्यावर ३.६ ब्रास पाह्यजे. सुटा मुरूम दाबला का बसते, म्हणून साडेचार-पाच ब्रास उतरला पाह्यजे. कोणी तीन ब्रासात करून देतो म्हटलं तर त्याले तिथूनच वापस पाठवा.

---

निवृत्त ओव्हरसिअर | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.४८

@वऱ्हाडी गडी, अगदी बरोबर. याच हिशेबानं गिट्टी १.२ ब्रास आणि रेती अर्ध्या ब्रासच्या आत. हे आकडे आधीच वहीत लिहून ठेवले की ठेकेदाराशी बोलताना आवाज आपोआप ठाम होतो.

---

एडिसनची नागपूरकर | १८ फेब्रुवारी, दुपारी १.१५

मी न्यू जर्सीत असते, माहेर धरमपेठचं. प्राजक्ता, तुझ्याकडे आलेले ते दोघं जे बोलले, शब्दशः तेच इथे बोलतात! इथे घरासमोर डांबराचा ड्राइव्हवे असतो. वसंत ऋतू आला की ट्रक घेऊन अनोळखी माणसं दारात येतात: शेजारच्या कामातलं डांबर उरलंय, गरम आहे, आत्ताच टाकावं लागेल, अर्ध्या भावात करतो. मग जेमतेम इंचभर थर टाकतात, खाली ना गिट्टी ना दाब, कधी नुसतं काळं तेलकट काहीतरी फासतात. पहिल्या हिवाळ्यात ते भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटतं. आमच्या शेजारच्या आजींकडून तर काम झाल्यावर ठरल्याच्या दुप्पट पैसे मागितले, आणि तीन माणसं दारात उभी म्हटल्यावर त्यांनी घाबरून चेक दिला.

नीट काम करणाऱ्या माणसाकडे डांबर उरतच नाही, कारण तो जागा मोजून प्लांटवरून तेवढंच मागवतो. इथे एक बरं आहे, दारावर येऊन केलेल्या अशा विक्रीत २५ डॉलरच्या वर सौदा असेल तर तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला केंद्रीय नियमानंच आहे. मी आता आईबाबांनाही सांगून ठेवलंय, दारावर येऊन 'आजच' म्हणणाऱ्याला पाणी द्या, काम देऊ नका.

---

संत्राबर्फी | १८ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

गट्टूच कशाला? सरळ काँक्रीट केलं तर खचायची भानगड नाही ना? आम्ही जयताळ्याला तेच करायचं म्हणतोय.

---

सिमेंट आणि सावली | १८ फेब्रुवारी, सायंकाळी ६.५५

@संत्राबर्फी, खालचा मुरूम तरीही लागतो. काळ्या मातीवर टाकलेलं काँक्रीट खचण्याऐवजी तडकतं, आणि तडकलेलं काँक्रीट गट्टूसारखं उचलून पुन्हा बसवता येत नाही. आत पाण्याची पाइपलाइन आणि गटाराचे चेंबर असतील तर गट्टूच बरे.

तरी काँक्रीटच करणार असाल तर गोण्या मोजा. समजा प्राजक्ताताईंएवढीच जागा, ३६० फूट आणि चार इंच जाडी. हे १२० घनफूट झालं, म्हणजे ३.४ घनमीटर. एम-२० साठी १ : १.५ : ३ हे प्रमाण धरलं तर घनमीटरला साधारण आठ गोण्या, म्हणून सत्तावीसच्या आसपास. ठेकेदार १८ गोण्यांत भागवतो म्हणाला तर काय होणार ते उघड आहे. रिकाम्या गोण्या एका कोपऱ्यात ठेवायला सांगा आणि संध्याकाळी मोजा. रेडीमिक्स मागवलं तर चलान हातात घ्या. त्यावर ग्रेड आणि गाडी भरल्याची वेळ असते. पाणी मिसळल्यापासून दोन तासांत माल उतरला पाहिजे. आणि गाडीत वरून पाणी मारू देऊ नका. 'पातळ केलं की लवकर पसरतं' म्हणतात, पण त्यानं ताकद जाते.

दर आठ-दहा फुटांवर कापून सांधे द्या, नाहीतर काँक्रीट आपल्या मनानं कुठेही तडकेल. सगळ्यात महत्त्वाची तराई. आपल्या उन्हात, पारा ४५ च्या आसपास असताना, काँक्रीटवर सकाळ-संध्याकाळ नुसतं पाणी शिंपडून काही होत नाही, तासाभरात उडून जातं. मातीचे किंवा सिमेंटचे आळे करून पाणी भरून ठेवा, किंवा ओली पोती अंथरा, किमान दहा दिवस. ठेकेदार तिसऱ्या दिवशी 'झालं आता' म्हणून निघून जातो. तराईची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहून घ्या.

---

गिट्टीमुरूम | १९ फेब्रुवारी, रात्री १०.१४

मी १४ वर्षं हीच कामं करतो, मानेवाडा, हुडकेश्वर, नरेंद्र नगर या भागात. धागा वाचून राहवलं नाही. प्राजक्ताताईंशी जे झालं त्याची आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला लाज वाटते. पण काही गोष्टी आमच्या बाजूनंही सांगू द्या.

गिऱ्हाईक तीन भाव घेतं आणि सगळ्यात कमी भाववाल्याला काम देतं. खोदाई, माती उचलून नेणं, मुरूम, दाब, गिट्टी, रेती, ६० चा गट्टू, कडा, हे सगळं धरून जो भाव बसतो तो ७५ होऊच शकत नाही. कागदावर फक्त 'पेवर ब्लॉक बसवणे' असं लिहिलं की प्रामाणिक माणूस महाग दिसतो आणि खोटा स्वस्त. म्हणून तिघांनाही तुम्हीच एक यादी द्या: खोदाई किती इंच, मुरूम किती, गिट्टी किती, रेती किती, गट्टू कोणत्या जाडीचा आणि ग्रेडचा, कडा, मलबा कोण नेणार, पाणी आणि वीज कोणाची. मग भाव मागा. तिघं एकाच कामाचा भाव सांगतील तेव्हाच तुलना होते.

ॲडव्हान्स अजिबात देऊ नका असं लोक सांगतात, तेही बरोबर नाही. मजुरांचा चुकारा दर आठवड्याला करावा लागतो, तो आम्ही खिशातून किती दिवस करणार? दहा टक्के बयाना रास्त आहे. पुढचे पैसे थर बघून द्या. मुरूम दाबून झाला, टेप लावून फोटो घेतला, एवढे द्या. गिट्टी झाली, एवढे. गट्टूचे पैसे हवं तर थेट कारखान्यात भरा, मला त्यात काही अडचण नसते. ज्याला असते, त्याचा हिशेब वेगळा असतो. आणि शेवटचे दहा टक्के एक जोराचा पाऊस पडेपर्यंत ठेवून घ्या.

आणखी दोन गोष्टी. नमुन्याचा गट्टू चांगला दाखवून माल दुसराच उतरवतात. नमुन्यावर ऑइल पेंटनं सही करून तो घरात ठेवा, गाडी आली की ढिगाच्या मधला आणि खालचा गट्टू काढून त्याच्याशी जुळवा. आणि मोजमाप काम झाल्यावर दोघांनी मिळून करा. झाडाचं आळं, चेंबरची झाकणं यांचं क्षेत्रफळ वजा व्हायला पाहिजे. बाहेरून बाहेर मोजून ३६० चे ३९० करणारे मी पाहिलेत.

जुनं काम बघायला मागा, पण मागच्या महिन्यातलं नको. दोन पावसाळे खाल्लेलं दाखवा म्हणा.

---

प्राजक्ता बेसा | १९ फेब्रुवारी, रात्री १०.५१

@गिट्टीमुरूम, दादा, तुमचे मनापासून आभार. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जुना गट्टू मोजला, ५० मिलीमीटरचाच निघाला. 'साठचा आहे' असं मला स्पष्ट सांगितलं होतं. गट्टूचा कस घरी बघता येतो का?

---

निवृत्त ओव्हरसिअर | २० फेब्रुवारी, सकाळी ८.२६

ढोबळमानाने बघता येतो. मानकानुसार गट्टूनं स्वतःच्या वजनाच्या सरासरी सहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, वजन करा, २४ तास बादलीत बुडवा, फडक्यानं पुसून पुन्हा वजन करा. साडेतीन किलोचा गट्टू २१० ग्रॅमपेक्षा जास्त वाढला तर माल भुसभुशीत आहे. प्रयोगशाळेत भट्टीत वाळवतात, त्यामुळे घरचा आकडा थोडा कमी येतो, हे लक्षात ठेवा. दाबक्षमतेचा अहवाल मात्र कारखान्याकडूनच मागायचा.

---

कोर्टाची पायरी | २० फेब्रुवारी, दुपारी २.४०

वकील आहे, म्हणून थोडं कायद्याचं.

पहिलं म्हणजे माणसाचा पत्ता. नोटीस पाठवायची तर पत्ता लागतो, आणि तोच लोकांकडे नसतो. आधार किंवा पॅनची प्रत, घरचा पत्ता, आणि पैसे रोख न देता खात्यावर. जीएसटी नंबर दिला तर पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते बघा. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. लहान ठेकेदाराकडे नंबर नसणं हा गुन्हा नाही, पण नंबर नसताना बिलात १८ टक्के जीएसटी लावता येत नाही.

दुसरं, काम बिघडलं तर ती सेवेतली त्रुटी ठरते आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

पोलिसांत जायचं तर सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२०. नुसतं काम खराब झालं एवढ्यावर गुन्हा नोंदवून घेत नाहीत. पण प्राजक्ताताई, तुमच्या बाबतीत मागच्या गल्लीत काम चालू असल्याचं खोटं सांगणं, ५० चा गट्टू ६० चा म्हणून देणं आणि फोन बंद करणं, हे तिन्ही एकत्र मांडता येईल. उखडण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, टेप लावून, तारखेसह. शेजाऱ्यासमोर केलं तर उत्तम.

---

सदरचा रहिवासी | २१ फेब्रुवारी, सकाळी ११.०३

एक मुद्दा राहिला. गल्लीतले नवे सिमेंट रस्ते कित्येक ठिकाणी जुन्या घरांच्या गेटपेक्षा उंच झालेत. तिथे गेटकडे उतार दिला तरी पाणी परत आतच येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्यानंतर आम्ही आमच्याकडे गेटच्या आत आडवी जाळीची नाली करून घेतली आणि तिचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं. ठेकेदार हे स्वतःहून सुचवत नाही. आधी रस्त्याची उंची मोजून मगच उतार ठरवा. आणि गेटबाहेर फुटपाथवर रॅम्प काढून देतो म्हणाला तर नको म्हणा, ती जागा आपली नसते, उद्या तोडला तर पैसे पाण्यात.

---

प्राजक्ता बेसा | ९ जुलै, रात्री ८.३०

मंडळी, उशिरा लिहितेय, पण काम पूर्ण झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

यादी करून तीन जणांना दिली. भाव आले ८२, १५८ आणि २१०. ८२ वाल्यांना 'सव्वा फूट खोदाई यात धरली का' विचारलं तर म्हणाले, 'बाई, एवढं कोणी करत नाही.' २१० वाल्यांचं काम चांगलं होतं, पण त्यांनी अर्धे पैसे आधी मागितले. १५८ वाल्यांनी जागेवर येऊन आधी कुदळीनं एक खड्डा खोदून पाहिला, आणि तीन वर्षांपूर्वीचं त्रिमूर्ती नगरातलं काम दाखवलं. त्यांनाच दिलं. बयाना १० टक्के, गट्टूचे पैसे थेट कारखान्याला, बाकी थरागणिक, सगळं खात्यावर.

ट्रॉल्या मी मोजल्या. पहिल्या ट्रॉलीला उंची १६ इंच भरली. मी काही बोलायच्या आत ठेकेदारानंच ड्रायव्हरला परत पाठवलं. सहा इंच मुरूम दाबल्यावर सासऱ्यांनी स्वतः खुर्ची टाकून बसून टेप धरली, फोटोत त्यांचा प्लास्टर निघालेला हात आहे.

गट्टूची परीक्षाही केली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. नवा ३ किलो ४८० ग्रॅम होता, पाण्यातून काढल्यावर ३ किलो ६५०. जुना २ किलो ८६०, तो ३ किलो ११० झाला. म्हणजे नव्यानं पाच टक्क्यांच्या आत पाणी प्यायलं आणि जुन्यानं जवळपास नऊ. कारखान्याचा अहवालही फाइलला लावला आहे.

मागच्या पट्टीतलं आंब्याचं आळं उघडंच ठेवलं. गेटच्या आत जाळीची नालीही केली, सदरचा रहिवासी यांनी सांगितल्याप्रमाणे, कारण रस्ता खरंच दोन इंच उंच निघाला.

गेल्या शुक्रवारी रात्रभर पाऊस झाला. सकाळी पायरीपाशी पाणी नव्हतं, चाकांच्या पट्टीवर सरळ फळी ठेवून पाहिली, खालून कागदही सरकला नाही. फक्त नालीजवळच्या दोन ओळींतली सांध्यांतली रेती वाहून गेली होती. फोन केला, ठेकेदार रविवारी बारीक रेतीचं पोतं घेऊन आले, झाडूनं सांधे भरून दिले. त्याच संध्याकाळी शेवटचे ५,७०० रुपये त्यांच्या खात्यावर पाठवले.

जुन्या दोघांविरुद्ध तक्रार दाखल केली आहे. मोटरसायकलचा नंबर समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात सापडला.

---

संत्राबर्फी | ९ जुलै, रात्री ९.१२

खूप बरं वाटलं वाचून. सासऱ्यांना नमस्कार सांगा. या ठेकेदारांचा नंबर मिळेल का? आमचं जयताळ्याचं काम दिवाळीनंतर करायचं आहे, गट्टूच करतो आता.

---

प्राजक्ता बेसा | ९ जुलै, रात्री ९.२०

व्यक्तिगत निरोप केला आहे. जागा बघायला आले की आधी खड्डा खोदून दाखवा म्हणा, ते खोदतील.